पोढीपासून धरणापर्यंत : चातुर्मासातील येडगाव आणि जुन्नर

आषाढ शुद्ध चतुर्दशी-पौर्णिमेच्या सुमारास साधु-साध्वींचा विहार थांबतो आणि पुढील चार महिने त्यांचा मुक्काम एकाच गावी राहतो. ओल्या मातीत, कोवळ्या गवतात आणि साचलेल्या पाण्यात या दिवसांत असंख्य सूक्ष्म जीव उपजलेले असतात. त्यांच्यावर पाऊल पडू नये, हा या स्थिरवासामागचा हेतू होय. गृहस्थाला असे बंधन नाही. तरीही बारा व्रतांतील दिशापरिमाण व्रत घेतलेला श्रावक कोणत्या दिशेला किती दूर जावयाचे याची मर्यादा आखून घेई, आणि देशावकाशिक व्रताने ती मर्यादा काही काळापुरती आणखी लहान करी. व्यापारासाठी दूरदूर फिरणाऱ्या घराण्यांनीच हे व्रत जपावे, यात एक शहाणपण होते. ज्याला जग हिंडण्याची साधने आहेत, त्यालाच मर्यादेची गरज अधिक असते.

अलीकडे पावसाळ्यातील प्रवासाचे स्वरूप पालटले आहे. लग्नसराई संपलेली, दिवाळीची खरेदी अजून दूर. पेढीवर थोडी उसंत असते. परदेशातील हॉटेलांचे दरही या दिवसांत उतरतात. त्यामुळे अनेक कुटुंबांची बँकॉक किंवा सिंगापूरची सहल नेमकी याच काळात ठरते. बँकॉकला उतरणाऱ्या प्रवाशाला तेथील आभाळ परके वाटत नाही. नैर्ऋत्येकडून येणारे जे मोसमी वारे कोकण भिजवतात, त्याच वाऱ्यांचा पाऊस थायलंडमध्ये मे महिन्याच्या मध्यापासून सुरू होतो आणि ऑक्टोबरपर्यंत टिकतो. दुपारपर्यंत उकाडा, सायंकाळी तासभर कोसळणारी सर, रस्त्यावर साचलेले पाणी आणि चाओ फ्राया नदीचे मातकट, फुगलेले पात्र असा तेथील नित्यक्रम असतो.

त्या शहरात एक गोष्ट मात्र जैन प्रवाशाला थांबून पाहावीशी वाटेल. आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून तेथील बौद्ध भिक्षू तीन महिने आपापल्या विहारात स्थिर राहतात. 'खाओ फान्सा' या नावाने तो दिवस देशभर पाळला जातो. राजवाड्याच्या परिसरातील प्रसिद्ध पाचूच्या बुद्धमूर्तीचे वस्त्रही ऋतूप्रमाणे बदलते, आणि पावसाळ्याचे वस्त्र वेगळे असते. श्रमणांनी पावसाळ्यात फिरू नये, ही भारतातील प्राचीन रीत समुद्रापलीकडे आजही जिवंत आहे. तिची पाषाणात कोरलेली खूण पाहावयाची असेल, तर विमानाची गरज नाही. पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने दोन-अडीच तासांत ती जुन्नर तालुक्यात भेटते. या प्रवासाचे पहिले ठाणे येडगाव.

नारायणगावच्या अलीकडे-पलीकडे

राजगुरुनगर, मंचर अशी मोठ्या बाजारपेठांची गावे मागे टाकीत रस्ता उत्तरेकडे जातो. आषाढात या पट्ट्यात पाऊस फार कोसळत नाही, तो भुरभुरतो. डाव्या हाताला, पश्चिमेकडे, सह्याद्रीची रांग काळ्या ढगांत बुडालेली असते, तर उजव्या हाताला शिरूर-पारनेरच्या दिशेचे आभाळ बरेचदा स्वच्छ असते. एकाच तालुक्यात पावसाचे इतके वेगवेगळे अवतार क्वचितच पाहावयास मिळतात. घाटघर, अंजनावळे, दुर्गावाडी या घाटमाथ्यावरील गावांत दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही आणि खाचरांत भाताची लावणी चालते. पंचवीस-तीस मैलांवर बेल्हे आणि आणे पठारावर मात्र शेतकरी एका सरीसाठी आकाशाकडे पाहत असतो.

या दोन टोकांच्या मध्ये नारायणगाव आहे. येथील टोमॅटोचा बाजार साऱ्या राज्यातील व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. पावसाळ्यात पहाटेपासून प्लास्टिकच्या क्रेटांनी भरलेली वाहने रांगेत लागतात आणि माल दूरदूरच्या राज्यांत रवाना होतो. जवळच आळेफाटा आणि ओतूरला कांदा, पंचक्रोशीत द्राक्षबागा, आणि नदीकाठाने ऊस. तमाशा कलावंतांचे माहेर म्हणूनही नारायणगावचे नाव आहे. विठाबाई नारायणगावकर यांची कीर्ती येथूनच पसरली. जवळच्या आर्वी येथे १९७१ साली देशातील उपग्रह संदेशवहनाचे विक्रम भूकेंद्र सुरू झाले, आणि खोडदच्या परिसरात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे. पावसाच्या धुरकट पडद्याआड शेतांच्या वर डोकावणाऱ्या त्या पांढऱ्या जाळीदार तबकड्या नवख्या प्रवाशाला चकित करतात.

भोजनाच्या वेळी येथे मासवडीचे नाव हमखास निघते. नावात मासा असला तरी पदार्थ पूर्ण शाकाहारी; बेसनाच्या पारीत तीळ-खोबऱ्याचे सारण भरून तिला माशाच्या आकाराच्या वड्यांचे रूप देतात. सारणात कांदा-लसूण असतो, म्हणून जैन कुटुंबाने आधी सांगून ठेवावे हे बरे.

येडगावचे पाणी

नारायणगावपासून थोड्याच अंतरावर येडगाव आहे. कुकडी नदीवरील येथील धरण १९७७ साली पूर्ण झाले. बांध उंचीने फार मोठा नाही, परंतु लांबीला सुमारे साडेचार किलोमीटर पसरला आहे. त्यामुळे पाहणाऱ्याला तो भिंतीसारखा न वाटता क्षितिजाला समांतर आखलेल्या रेषेसारखा वाटतो. पश्चिमेला पाण्याचा विस्तार, त्यापलीकडे ओझरच्या विघ्नेश्वराच्या मंदिराचा परिसर आणि त्याच्याही मागे ढगांत हरवलेला शिवनेरी, असा हा देखावा आहे. श्रावणात ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला की पाण्याचा रंग घटकेघटकेला बदलतो. पाणकावळे काठच्या बुडालेल्या बाभळींवर पंख वाळवीत बसतात.

एवढे पाहून प्रवासी परतला, तर त्याला येडगाव कळले नाही असेच म्हणावे लागेल. या जलाशयाचे महत्त्व त्याच्या आकारात नाही. आंबेगाव तालुक्यातील डिंभे धरणाशी तुलना केली, तर येडगावची साठवण जेमतेम चौथ्या हिश्श्याइतकी आहे. परंतु येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांच्या कुकडी प्रकल्पात येडगावचे स्थान एखाद्या मुख्य पेढीसारखे आहे. माणिकडोहचे पाणी नदीने आणि डिंभ्याचे पाणी डाव्या कालव्याने येथे येते, आणि येथूनच कुकडीचा डावा कालवा निघतो. सुमारे अडीचशे किलोमीटर लांबीचा हा कालवा पुणे जिल्ह्यातून निघून पारनेर, श्रीगोंदा, कर्जत असा अहिल्यानगर जिल्हा ओलांडतो आणि सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्यापर्यंत पोहोचतो.

व्यापाऱ्याला हा हिशेब चटकन समजेल. जमा एका ठिकाणी होते, मागणी पाच तालुक्यांतून असते आणि वाटेत गळती असते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत जे जमा झाले, त्यावर पुढील आठ महिन्यांचा व्यवहार चालवावयाचा असतो. धरणाच्या काठावर उभे राहून पाऊस पाहणाऱ्याला सुंदर दृश्य दिसते. करमाळ्याच्या शेतकऱ्याला त्याच पावसात पुढच्या उन्हाळ्याचे आवर्तन दिसते. घाटमाथ्यावर पाऊस ओढ देऊ लागला, की श्रीगोंदा आणि कर्जतच्या बाजारपेठांतही उधारीचे व्यवहार आखडते घेतले जातात.

येथेच या पाण्याचा जुना तंटा उभा राहतो. धरणासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या काठच्या गावांना उन्हाळ्यात डोळ्यांदेखत जलाशय रिकामा होताना पाहावा लागतो. त्यांच्या पिकांच्या ऐन गरजेच्या वेळी आवर्तन खाली जाते आणि मोटारींचे फूटव्हॉल्व्ह उघडे पडतात. दुसऱ्या टोकाला करमाळ्याच्या शेतकऱ्याची तक्रार अशी, की आपल्या नावाने सुटलेले पाणी आपल्यापर्यंत पोहोचतच नाही. ते वरचेवर उचलले जाते. मध्येच आणे पठाराची कैफियत आहे. धरणांच्या तालुक्यात राहूनही उंचीमुळे कालवा तेथपर्यंत चढत नाही. या तिघांपैकी कोणाचेही म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. दर उन्हाळ्यात बैठका होतात, मोर्चे निघतात आणि अखेर सर्वांचे डोळे पुन्हा मृगाच्या ढगांकडे लागतात.

उसाने या प्रश्नाला आणखी एक पदर जोडला आहे. कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला, आणि उसाच्या दाट रानात बिबट्यांनी घर केले. डोंगरातील जंगल न पाहिलेली बछडी उसातच जन्मतात व वाढतात. माणिकडोह येथे बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. परंतु ज्या वस्तीवर हल्ला होतो, तिच्या भीतीला केंद्राच्या अस्तित्वाने उत्तर मिळत नाही. जीवदयेचा विचार मानणाऱ्यांपुढेही हा कठीण प्रश्न आहे. येथे माणसाचे लेकरू आणि जनावराचे पिल्लू एकाच शेताच्या बांधावर येऊन ठेपले आहेत. म्हणूनच पावसाळ्यात या भागात फिरताना सायंकाळनंतर शेतवाटांवर रेंगाळू नये, अशी सूचना गावकरी प्रत्येक पाहुण्याला करतात.

जुन्नरच्या पोढ्या

येडगावाहून जुन्नर फार दूर नाही. शिवनेरीवर १६३० साली शिवरायांचा जन्म झाला, म्हणून हे नाव प्रत्येक मराठी माणसाच्या ओठी आहे. परंतु जुन्नरचे वैभव त्याहून कितीतरी जुने. सातवाहनांच्या काळात कोकणातील बंदरे आणि प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण, यांना जोडणाऱ्या व्यापारी मार्गावरील हे मोठे नगर होते. त्याच्या सभोवतीच्या टेकड्यांत दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी आणि तुळजा लेणी हे त्यांतील प्रमुख समूह. पावसाळ्यात फिरणे थांबवून राहणाऱ्या भिक्षूंसाठी हे आवास कोरले गेले. आतील लहान खोल्यांत दगडी ओटे आहेत, आणि बाहेर पाऊस कोसळत असताना त्या ओट्यांवर बसले की वर्षावासाचा अर्थ उमगू लागतो. ओलावा, काळोख, पाण्याचा अखंड आवाज आणि कोठेही जावयाचे नाही, ही अवस्था शिक्षा न वाटता विसावा वाटावी अशी रचना त्यांत आहे.

लेण्यांच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतील लेख आहेत, आणि व्यापारी वाचकाने ते आवर्जून समजून घ्यावेत असे आहेत. त्यांत राजांपेक्षा व्यवसाय करणाऱ्या माणसांची नावे अधिक भेटतात. लेण्याद्रीवरील चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताने दिले. त्याचा पिता हेरणिक, म्हणजे सोन्या-नाण्यांचा व्यवहार पाहणारा होता. एका लेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दिल्याची नोंद आहे. श्रेणी म्हणजे आजच्या भाषेत व्यापारी संघ. बांबूचे काम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे ठेव ठेवून तिच्या व्याजातून दानाचा खर्च भागवावा, अशीही व्यवस्था एका लेखात आहे. आणखी एका लेखात शेतजमिनींचे उत्पन्न करंज आणि वडाची झाडे लावण्यासाठी लावून दिले आहे. मूळ ठेवीला हात न लावता तिच्या फळावर धर्मकार्य चालविण्याची ही रीत प्राचीन काळी अक्षयनीवी या नावाने ओळखली जाई. आज ट्रस्टच्या खात्यात कायम निधी ठेवणारे व्यापारी नकळत तीच वाट चालत असतात.

या लेखांत 'पोढी' हा शब्द वारंवार येतो. पोढी म्हणजे कातळात खोदलेले पाण्याचे टाके. कल्याणच्या एका सुवर्णकाराने पोढी दिली. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्या. समुद्रापलीकडून आलेला परका मनुष्य जुन्नरच्या डोंगरात आपले नाव ठेवून जातो, आणि ते सोन्याच्या मूर्तीवर न ठेवता पाण्याच्या टाक्यावर ठेवतो, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. पावसाळ्यात लेण्याद्रीची वा शिवनेरीची चढण चढताना ही टाकी काठोकाठ भरलेली दिसतात. कातळावरून निथळणारे पाणी बारीक पन्हळींतून त्यांत उतरते. शिवनेरीवरील गंगा-जमुना टाक्यांचे गार पाणी तर प्रत्येक गडकऱ्याच्या स्मरणात असते. जी व्यवस्था दोन हजार वर्षांपूर्वी आखली, ती आजच्या पावसातही काम करीत आहे.

जैन प्रवाशाने मानमोडी टेकडीवरील अंबा-अंबिका लेणी चुकवू नयेत. मूळची ही बौद्ध लेणी. येथील चैत्यगृह तर अर्धवटच राहिले. उत्तरकाळात येथे अंबिका आणि इतर जैन प्रतिमा कोरल्या गेल्या आणि लेण्यांना त्या देवीचेच नाव पडले. अंबिका ही नेमिनाथांची शासनदेवता. कोणत्या सार्थवाहाच्या मुक्कामात, कोणत्या श्रावकाच्या द्रव्यातून हे काम झाले, याचा लेख तेथे शोधणाऱ्याला निराश व्हावे लागते. परंतु एका श्रमणपरंपरेने सोडलेला आवास दुसरीने मोडतोड न करता आपलासा केला, एवढे त्या भिंती स्पष्ट सांगतात. पावसाळ्यात तिकडची वाट निसरडी आणि गवताने झाकलेली असते; काठी, माहितगार सोबती आणि दिवसाचा पुरेसा उजेड या तिन्हींवाचून जाऊ नये.

गावात उतरल्यावर जुन्या पेठेतून फेरफटका मारावा. एके काळी येथे हाताने कागद तयार होत असे, आणि जुन्नरी कागदाला दप्तरांत मान होता. किती पेढ्यांची बाडे आणि किती वतनांचे कागद या कागदावर लिहिले गेले असतील, याचा अंदाज करणे कठीण आहे.

नाणेघाट आणि सुवर्णभूमी

जुन्नरहून पश्चिमेकडे जाणारा रस्ता माणिकडोहच्या जलाशयाच्या आणि चावंडच्या किल्ल्याच्या बाजूने घाटघरला पोहोचतो, आणि तेथून पुढे नाणेघाट आहे. कोकणातून देशावर येणारी ही प्राचीन वाट. घाटाच्या तोंडाशी असलेल्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा विस्तृत लेख आहे. त्यांतील अंक भारतीय अंकलेखनाच्या आरंभीच्या पुराव्यांत गणले जातात. वाटेवर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात पडत, असे परंपरा सांगते. आषाढ-श्रावणात येथे वारा इतका प्रबळ असतो, की कड्यावरून खाली पडणारे पाणी पुन्हा वर उडते. लोक त्याला उलटा धबधबा म्हणतात. धुके विरळ झाले की एका क्षणापुरते खालचे हिरवे कोकण दिसते आणि लगेच झाकले जाते.

हाच तो वारा, ज्याच्या भरवशावर प्राचीन व्यापाऱ्यांची गलबते चालत. नैर्ऋत्य मोसमी वारा आला की पश्चिमेकडील जहाजे भारताच्या किनाऱ्याला लागत, आणि वारा उलटला की परत फिरत. पूर्वेकडील समुद्रातही वाऱ्यांचेच वेळापत्रक होते. प्राचीन ग्रंथांत पूर्वेकडील त्या श्रीमंत प्रदेशाला सुवर्णभूमी म्हटले आहे. बँकॉकच्या विमानतळाने २००६ पासून हेच नाव धारण केले आहे.

या सुवर्णभूमीशी जैन साहित्याचे नाते जुने आहे. संघदासगणींच्या 'वसुदेवहिंडी'त चारुदत्त नावाच्या व्यापाऱ्याची कथा आहे. सारे धन गमावल्यावर तो पुन्हा व्यापारासाठी बाहेर पडतो आणि जहाजाने सुवर्णभूमीसारख्या दूरच्या देशांत जातो. हा ग्रंथ प्राचीन महाराष्ट्री प्राकृतात आहे, म्हणजे आजच्या मराठीच्या पूर्वजभाषेत. कालकाचार्यांची परंपरा तर या दोन्ही टोकांना जोडते. आपल्या प्रशिष्याला भेटण्यासाठी आचार्य सुवर्णभूमीला गेले, अशी कथा सांगितली जाते. दुसरी कथा प्रतिष्ठानची आहे. भाद्रपद शुद्ध पंचमीला नगरात इंद्रमहोत्सव असल्याने सातवाहन राजाला पर्युषणाच्या आराधनेत सहभागी होता येईना. त्याच्या विनंतीवरून आचार्यांनी पर्वाचा दिवस चतुर्थीवर आणला. आजही काही संप्रदायांत संवत्सरी चतुर्थीला आणि काहींत पंचमीला होते. ज्या राजवंशाची राणी नाणेघाटात लेख कोरविते, त्याच राजवंशाच्या राजाचे नाव पर्युषणाच्या कथेत यावे, आणि दोन्ही गोष्टी याच पावसाच्या ऋतूशी निगडित असाव्यात, हा योगायोग घाटमाथ्यावर उभे असताना अधिक जवळचा वाटतो.

पाण्याखालचे आणि मातीखालचे गाव

पावसाळ्याची दुसरी बाजू शेजारच्या आंबेगाव तालुक्यात दिसते. तालुक्याला ज्या गावाचे नाव मिळाले, ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. कचेऱ्यांचे गाव आता घोडेगाव आहे. या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर असे नाव दिलेले आहे. याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाने भरलेल्या लॉरीपुढे आडवा झाला आणि प्राणांस मुकला. कापडाचा व्यापार करणाऱ्या घराण्यांनी हे नाव विसरू नये.

डिंभ्याच्या पलीकडे माळीण आहे. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी, सततच्या पावसात, डोंगराचा कडा गावावर कोसळला आणि १५१ माणसे मातीखाली गेली. नेहमीची एस.टी. घेऊन आलेल्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही, आणि त्याच्याकडून ती वार्ता बाहेर पोहोचली. वाचलेल्यांसाठी नंतर जवळच आमडे येथे नवे गाव वसले. जुन्या जागेवर आता स्मृतिस्थळ आहे. तेथे पावसात उभे राहणाऱ्याला पावसाळी पर्यटन हा शब्द उच्चारताना संकोच वाटतो.

तरीही पर्यटक येतातच, आणि येऊ नयेत असे कोणी म्हणत नाही. जुन्नरला शासनाने २०१८ साली पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला, आणि घाटमाथ्यावरील आदिवासी कुटुंबांना पाहुण्यांच्या भोजन-निवासातून चार पैसे मिळू लागले. प्रश्न येण्याच्या रीतीचा आहे. धबधब्यात बाटल्या फोडणे, लावणीच्या खाचरात मोटारी घालणे, कड्याच्या टोकावर छायाचित्रासाठी जीव धोक्यात घालणे आणि मग गावच्या तरुणांना दोर घेऊन खाली उतरावे लागणे, या गोष्टी दर पावसाळ्यात घडतात. श्रावकाच्या आठव्या व्रतात अशा निष्कारण हिंसेला अनर्थदंड हे नेमके नाव दिलेले आहे. ज्या कृतीने कोणाचा निर्वाह होत नाही, कोणाचे रक्षण होत नाही आणि तरीही जीवांची हानी होते, ती टाळणे एवढेच ते व्रत मागते. भाताच्या रोपांवरून गेलेले मोटारीचे चाक हे त्याचे साधे उदाहरण होय.

परतीच्या वाटेवर

परतताना प्रवासी पुन्हा येडगावच्या बांधापाशी येतो. वर घाटात पाऊस टिकून असेल, तर जलाशय भरत आलेला असतो आणि सांडव्यावरून पाणी सुटल्याची वार्ता नारायणगावच्या बाजारात आधीच पोहोचलेली असते. कुकडी पुढे घोडनदीला आणि घोड पुढे भीमेला मिळते. नाणेघाटच्या परिसरात कोसळलेला पाऊस अशा रीतीने पूर्वेकडे निघतो आणि शेवटी बंगालच्या उपसागराला, म्हणजे सुवर्णभूमीकडे जाणाऱ्या समुद्राला जाऊन मिळतो.

जैन घरांत पाणी गाळून वापरतात, चातुर्मासात अनेक जण ते उकळूनच पितात आणि पाण्याचा थेंब हा स्वतः अप्काय जीव आहे असे मानतात. तांब्यातील पाण्याविषयी इतकी काळजी घेणाऱ्या समाजाने कालव्यातील पाण्याविषयी उदासीन राहावे, हे सुसंगत नाही. या पट्ट्यातील बाजारपेठांत जैन व्यापाऱ्यांच्या पेढ्या पिढ्यान् पिढ्या आहेत. नारायणगाव, मंचर आणि घोडेगावला जसे त्यांचे व्यवहार आहेत, तसेच श्रीगोंदा, कर्जत आणि करमाळ्यालाही आहेत. धरणाकाठचा शेतकरी आणि कालव्याच्या शेपटाचा शेतकरी हे दोघेही त्यांच्याच दुकानाच्या पायरीवर बसतात. दोघांचेही म्हणणे ज्याच्या कानी पडते, असा माणूस या तंट्यात विरळाच. आवर्तनाच्या बैठकीत वाद घालणारे पुष्कळ असतात. दोन्ही टोकांचा हिशेब शांतपणे मांडणारा कोणी असेल, तर तो व्यापारीच असू शकतो. चारी-पोटचाऱ्यांची दुरुस्ती, विहिरी-तळ्यांतील गाळ काढणे, आणे पठारासारख्या भागात पावसाचे पाणी अडविणे, यांसाठी कायम निधी ठेवणे हेही त्याच्या आवाक्यातील काम आहे.

धान्य व्यापाऱ्यांच्या ज्या श्रेणीने जुन्नरच्या कातळात पोढी खोदविली, त्या श्रेणीतील एकाचेही व्यक्तिनाव त्या लेखात नाही. लेखात आहे ती श्रेणी आणि तिचे दान. नगरे बदलली, व्यापाराच्या वाटा बदलल्या, घाट ओसाड पडला. पोढी मात्र दर आषाढात भरते, आणि चढण चढून आलेला वाटसरू क्षणभर तिच्या काठाशी टेकतो.